कुलांत्रो: कुठे, कधी आणि किती घालायचा?

तिखटमीठ

परवा कोथिंबिरीला पर्याय काय, यावर शेजारच्या धाग्यावर बरंच चर्वितचर्वण झालं. तिथे कुणीतरी 'कुलांत्रो वापरा, सेम टू सेम' असं लिहून गेलं आणि मला राहवेना. सेम टू सेम अजिबात नाही हो! मीही असंच काहीतरी वाचून सुरुवात केली होती आणि पहिल्याच खेपेला पातेलंभर सूप वाया घालवलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: कुलांत्रोचं पान कोथिंबिरीसारखं नाजूक, कातरलेलं नसतं. लांबट, वीतभर, आणि कडेने करवतीसारखे दाते. देठ जवळजवळ नाहीच. सगळी पानं जमिनीलगत एकाच ठिकाणाहून चक्रासारखी फुटतात. लांबून बघाल तर लेट्यूसचं हडकुळं भावंड वाटेल. पान चुरडलं की मात्र वास कोथिंबिरीचाच, आणि तोही इतका की शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारावं, काय चिरतेयस?

(लिंगाचा प्रश्न निघणारच, म्हणून आधीच सांगते. रेडिओ तो, फोटो तो, तसा कुलांत्रोही तो. ती किंवा ते म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं.)

तर ते सूप. कोथिंबीर समजून मी मूठभर पानं जाडसर चिरली आणि गॅस बंद केल्यावर वरून भुरभुरली. पहिल्या घासाला जिभेवर पाला, दुसऱ्या घासाला नाकात ढेकूण. घरात कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी पानं काढून ताटाच्या कडेला नीट रांगेत लावून ठेवली. त्या रांगा बघून कळलं की चूक वनस्पतीची नाही, माझी आहे.

आता माझा अनुभव असा. कोथिंबीर शेवटी घालायची असते, कारण उकळीत तिचा वास उडून जातो. कुलांत्रो उकळी सोसतो, उलट शिजल्यावरच माणसात येतो. कच्चेपणी जो उग्र दर्प असतो तो मंद होतो आणि रस्साभर पसरतो. म्हणून तो सुरुवातीला किंवा निम्म्यावर शिजताना घालायचा, बारीक चिरून किंवा वाटून, आणि प्रमाण कोथिंबिरीच्या निम्म्याहून कमी. चार माणसांच्या राजम्याला मला मध्यम आकाराची तीन पानं पुरतात. चौथं घातलं तर बाकी काही लागत नाही.

हे मी शिकले ते पोर्तो रिकोच्या सोफ्रितोवरून. तिथे कुलांत्रोला 'रेकाओ' म्हणतात. कांदा, लसूण, बिनतिखट छोट्या मिरच्या (त्यांच्या 'आही दुल्से', दिसायला अगदी जहाल, चवीला गोडसर), थोडी भोपळी मिरची, रेकाओ आणि कोथिंबीर, सगळं एकत्र जाडसर वाटायचं. हा झाला सोफ्रितो. आपण फोडणी करतो तसा तेलात परतून वर शिजलेले बीन्स, भात, चिकन, काहीही. बघा, कोथिंबीर आणि कुलांत्रो दोन्ही एकाच वाटणात आहेत. एक दुसऱ्याचा पर्याय असता तर दोन्ही कशाला घातले असते?

माझं प्रमाण: दोन मोठे कांदे, लसणीचा एक अख्खा गड्डा, सात-आठ बिनतिखट मिरच्या, एक भोपळी मिरची, दहा पानं कुलांत्रो, कोथिंबिरीची लहान जुडी. पाणी घालायचं नाही, कांद्याचं सुटतं तेवढं पुरे. मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा. लगदा झाला तर परतताना पाणीच पाणी होतं आणि कांद्याचा कच्चा वास मरत नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवायचं, घट्ट झालं की वड्या पिशवीत. घाईच्या दिवशी दोन वड्या कढईत टाकल्या की निम्मा स्वयंपाक झाला.

तुम्ही कुणी वापरता का? कशात? आणि कच्चा खाऊन आवडलेला कुणी आहे का, हेही सांगा.

---

उगाचच

शेवटी कोथिंबीरच ना? नाव बदललं की धागा निघतो.

---

तिखटमीठ

उगाचच, आयडीला जागलात. नाही, कोथिंबीर नाही. कूळ एक आहे, गाजर, जिरं, बडीशेप, ओवा यांचं. पण कोथिंबिरीची प्रजाती वेगळी, याची वेगळी. कूळ एक म्हणून गाजर आणि जिरं एक होत नाहीत, तसेच हे दोघेही एक नाहीत. याचे धणे करता येत नाहीत, बी बारीक असतं आणि मसाल्यात त्याचा उपयोग नाही. वापरायचं ते पान, कुठे कुठे मूळही.

---

भाषावेडा

नावांचा गोंधळ हा या वनस्पतीचा खरा छंद आहे, त्यामुळे थोडं लिहितो. 'सिलांत्रो' आणि 'कुलांत्रो' हे दोन्ही शब्द लॅटिन 'कोरिआंद्रुम'वरूनच स्पॅनिशमध्ये आले. म्हणजे शब्द सख्खे भाऊ आणि झाडं चुलत-चुलत. त्यात पेरूमध्ये (देश, फळ नव्हे) साध्या कोथिंबिरीलाच कुलांत्रो म्हणतात. तिथली पाककृती बघून कुणी करवतीची पानं घातली तर तिखटमीठताईंचं सूप पुन्हा होईल. आपल्या या कुलांत्रोला तिकडे अमेझॉनच्या बाजूला 'साचाकुलांत्रो' म्हणतात. 'साचा' म्हणजे क्वेचुआ भाषेत रानटी.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. मूळ झाड उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं आणि कॅरिबियन बेटांचं. तिथून ते आशियात आलं आणि ज्याच्या त्याच्या दारात परकं ठरलं. थाई भाषेत 'फाक ची फरांग'. फाक ची म्हणजे कोथिंबीर आणि फरांग म्हणजे आपला फिरंगी, तोच शब्द. बंगालीत 'बिलाती धोने', म्हणजे विलायती. आसामीत 'मान धनिया', आणि मान म्हणजे ब्रह्मदेशी लोक. मणिपुरीत 'आवा फदिगोम', तिथे आवा म्हणजेही ब्रह्मदेशच. अंदमानात सरळ 'बर्मा धनिया'. केरळात 'आफ्रिकन मल्ली'! आफ्रिकेचा इथे काय संबंध, हे मला विचारू नका. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या नावावर बिल फाडलंय.

व्हिएतनामींनी गावाच्या भानगडीत न पडता रूप पाहिलं: 'न्गो गाय', काटेरी कोथिंबीर.

---

चमचाभर

भाषावेडा, मस्त प्रतिसाद. त्रिनिदादचं राहिलं! तिथे याला 'शॅडो बेनी' म्हणतात. मी बरेच दिवस सावलीशी काहीतरी संबंध लावत होते, कारण झाडही सावलीत वाढतं. निघालं भलतंच. फ्रेंच 'शार्दों बेनी', म्हणजे पवित्र काटेझाड, बोलता बोलता झिजून शॅडो बेनी झालं.

आणि तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांत याचं नाव आहे 'बनधनिया'. १८४५ सालापासून भोजपुरी मुलखातून जे मजूर करारावर तिकडे गेले, त्यांनी हे रानात बघितलं, चुरडून वास घेतला आणि नाव ठेवलं असणार: वनातले धणे. मला तर मराठीतही बनधनियाच म्हणायला आवडेल. कुलांत्रो म्हणताना तोंडात दात जास्त झाल्यासारखं वाटतं.

---

तिखटमीठ

चमचाभर, बनधनिया झकास आहे. पण ते म्हटलं की उगाचच पुन्हा येऊन 'धनियाच ना शेवटी' म्हणतील.

---

हिरवंगार

धागा छान, पण कच्चा वर्ज्य केलात ते पटलं नाही. कच्चा हाच त्याचा खरा अवतार आहे. व्हिएतनाममध्ये फो नूडल्सच्या वाटीबरोबर पाल्याची जी ताटली येते (दक्षिणेकडच्या पद्धतीत तरी येतेच), तिच्यात याची अख्खी पानं असतात. खाणाऱ्याने हाताने तोडून गरम रश्श्यात टाकायची. थाई लार्ब घ्या. खिम्यात लिंबू, फिश सॉस, भाजून कुटलेला तांदूळ, मिरचीची पूड, आणि वर बारीक चिरलेला फाक ची फरांग. तो शिजवत नाहीत, नुसता मिसळतात. त्रिनिदादचा हिरवा सॉस तर पूर्ण कच्चा: पानं, लसूण, जहाल मिरची, लिंबू किंवा व्हिनेगर, मीठ, थोडं पाणी, मिक्सर, संपलं.

तुमचं सूप बिघडलं ते जाडसर चिरल्यामुळे आणि आंबट नसल्यामुळे, कच्चेपणामुळे नाही.

---

तिखटमीठ

हिरवंगार, सूपात आंबट नव्हतं हे तुम्हाला कसं कळलं? खरंच नव्हतं. दुधाळ सूप होतं.

तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक पदार्थात लिंबू किंवा व्हिनेगर आहे (फोबरोबरही लिंबू येतंच), आणि मिरची आहे. म्हणजे कच्चा घालायचा तर त्याच्या तोडीस तोड कुणीतरी समोर हवं. दुधासमोर तो एकटाच बडबडत बसला.

उद्या करून बघते आणि सांगते.

---

रसायनी

वासाबद्दल थोडं, कारण वर 'ढेकूण' आलाय आणि तो शब्द अलंकार म्हणून आलेला नाही.

कोथिंबिरीच्या पानाचा वास मुख्यतः अल्डिहाइड गटातल्या संयुगांचा, आणि त्यातली महत्त्वाची दहा कार्बनवाली: डेकॅनल, ई-२-डेसेनल. यातलं ई-२-डेसेनल हे हिरव्या ढेकण्या किड्यांच्या बचावाच्या फवाऱ्यातही असतं. अंथरुणातल्या ढेकणाकडे याच घराण्यातली सहा आणि आठ कार्बनवाली असतात. तेव्हा तिखटमीठताईंच्या नाकाने बरोबर ओळखलं.

कुलांत्रोच्या पानातल्या तेलात मुख्य असतं ई-२-डोडेसेनल, बारा कार्बनचं. याला एरिंजिअल असंही म्हणतात, कारण झाडाचं शास्त्रीय नाव एरिंजियम फीटिडम. लिनियसने १७५३ साली 'फीटिडम' हे नाव ठेवलं. अर्थ: दुर्गंधी. मसाल्याच्या झाडाला कायमचं 'घाणेरडं' असं नाव ठेवून माणूस मोकळा झाला.

आता शिजवण्याबद्दल. साखळी जितकी लांब तितका रेणू सावकाश उडतो. दहा कार्बनच्या मानाने बारा कार्बनचा वास पातेल्यात जास्त वेळ टिकतो, हे एक कारण. दुसरं, पान जाड आणि चिवट आहे, कोथिंबिरीसारखं उकळीत लगेच विरघळून जात नाही. तिसरं, ही संयुगं पाण्यापेक्षा तेलात चांगली मुरतात. सोफ्रितो आधी तेलात परततात त्यामागे शास्त्र कुणी शिकवलेलं नसेल, पण आहे. पुढच्या वेळी सूपात घालायचं झालं तर आधी चमचाभर तेलात किंवा लोण्यात अर्धा मिनिट परतून घाला.

---

नावडती

मला कोथिंबीर साबणासारखी लागते. जन्मभर लोकांनी 'नखरे' म्हणून ऐकवलं. हा लागेल का बरा?

---

रसायनी

नावडती, नखरे नाहीत. २०१२ साली एक मोठी जनुकीय पाहणी झाली, तिच्यात साबणाच्या चवीची तक्रार आणि ओआर६ए२ या वास ओळखणाऱ्या जनुकाच्या आसपासचा एक फरक यांचा संबंध सापडला. हे जनुक अल्डिहाइडनाच प्रतिसाद देतं. सगळी नावड त्यातूनच येते असं मात्र नाही, सवयीचाही भाग मोठा.

कुलांत्रोतही अल्डिहाइडच, आणि जास्त ठसठशीत. त्यामुळे कच्चा तरी तुम्ही लांबच ठेवा. बीन्समध्ये तासभर शिजलेला एक घास दुसऱ्याच्या ताटातून चाखून बघा, आपलं पातेलं पणाला लावू नका.

---

कुंडीतला_मी

लावण्याबद्दल कुणी विचारलं नाही, तरी लिहितो. आम्हा कुंडीवाल्यांना विचारावं लागत नाही.

बी धुळीसारखं बारीक. मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि तळहाताने दाबायचं. वर माती लोटली की गेलं. माती सतत ओलसर हवी, पाणी फवाऱ्याने, नाहीतर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. उगवायला दोन ते चार आठवडे. इथेच नव्वद टक्के लोक कुंडी रिकामी समजून तिच्यात दुसरं काहीतरी लावतात. (नव्वद हा आकडा माझ्या चिडचिडीचा आहे.)

उन्हाबद्दल लोक चुकतात. कोथिंबीर ऊन मागते म्हणून याला गच्चीवर तळपत ठेवतात. हा सावलीतला गडी आहे. गाळीव ऊन, मोठ्या झाडाचा आडोसा, कायम ओल. सावलीत पानं मोठी, मऊ, वासाला दणदणीत. कडक उन्हात आणि दिवस मोठे असताना लगेच दांडा वर काढतो, त्यावर काटेरी चकत्या आणि मध्ये हिरवट बोंडं येतात. दांडा दिसला की बुडातून छाटायचा, नाहीतर पानांची वाढ थांबते आणि दाते खरोखर टोचायला लागतात. एखादा मुद्दाम ठेवा, बी पडून आपोआप नवीन रोपं येतात.

पानं नेहमी बाहेरची काढा, आतला गाभा ठेवा. अख्खं उपटलंत तर पुन्हा चार आठवडे माझ्यासारखं मातीकडे बघत बसाल.

---

नवशिकी

मला सुकवलेला मिळालाय, पूड नाही, तुकडे आहेत. चालेल? की टाकून देऊ? कोथिंबीर सुकवली की नुसतं गवत होतं म्हणून विचारतेय.

---

तिखटमीठ

टाकू नका! सुकल्यावर वास धरून ठेवणं हीच याची खासियत, कोथिंबीर त्यात सपशेल नापास. ताज्याइतका अर्थातच नाही. शिजताना अर्धा चमचा घाला, वरून नको. वरून घातला तर चहापत्ती पडल्यासारखा दिसतो.

ताजा असेल तर ओलसर कागदात गुंडाळून डब्यात, फ्रीजमध्ये. मुळांसकट असेल तर पेल्यात पाणी घालून उभा ठेवा. आणि पान जून असेल तर मधली शीर काढून टाका. कोवळ्याची काढायची गरज नाही. मी ओळखते ती अशी: दाते बोटाला टोचले की शीर काढायची.

---

काढेवाला

याचा काढा फिट्सवर चालतो असं वाचलं. जमैकात नावच 'फिटवीड' आहे म्हणे. कुणी अनुभव सांगेल का? किती पानं, किती वेळा?

---

रसायनी

नाव आहे, परंपरेत वापरही आहे. पण झटके येणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करून पानं उकळून देणं हा खेळ नाही. नावावरून डोस ठरत नसतो. कृपया डॉक्टरांना विचारा. इथे स्वयंपाकाचंच बोलू या.

---

कुंडीतला_मी

रसायनींना अनुमोदन. त्यातच एक जोडतो: 'रानात दिसला' म्हणून कुणी तोडून आणू नका. याच कुळात हेमलॉकसारखी जीवघेणी झाडं आहेत. कुलांत्रोचं करवती पान आणि वास ओळखायला सोपा हे खरं, पण आधी खात्रीच्या माणसाकडून एकदा हातात घेऊन बघा.

---

ईशान्यवारा

उशिरा आलो. मणिपूरच्या एका मित्राबरोबर काही वर्षं खोली शेअर केली, त्यामुळे माझ्यासाठी हा आवा फदिगोमच. सोफ्रितोबिफ्रितो नंतर कळलं.

त्याच्याकडून शिकलेला इरोम्बा: बटाटा आणि हाताला येईल ती भाजी उकडायची. लाल मिरच्या भाजून किंवा त्याच पाण्यात उकडून घ्यायच्या. ङारी (आंबवलेली सुकी मासळी) भाजून मिरच्यांबरोबर कुस्करायची. मग सगळं एकत्र घोटायचं, ना धड भाजी ना धड चटणी असं. आणि सगळ्यात शेवटी बारीक, म्हणजे खरंच बारीक चिरलेला आवा फदिगोम. पहिल्यांदा ङारी भाजली तेव्हा मी दार-खिडक्या उघडून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. महिन्याभराने मीच विचारायला लागलो, आज करायचं का?

यात आंबट काही नाही. तेव्हा हिरवंगार यांचा लिंबाचा सिद्धांत इथे अडतो. इथे तोडीस तोड उभी राहते ती मासळी आणि मिरची. मला वाटतं, समोर काहीतरी दांडगं हवं एवढंच. आंबट, आंबवलेलं, जहाल, काहीही.

---

हिरवंगार

मान्य. सिद्धांत दुरुस्त: दांडगं हवं.

---

चमचाभर

मग त्रिनिदादचा मँगो चाऊ या दुरुस्त सिद्धांतात चपखल बसतो. कैरीच्या किंवा अर्धवट पिकलेल्या आंब्याच्या फोडी, ठेचलेली लसूण, मिरची, मीठ, बारीक चिरलेला शॅडो बेनी. कालवून थोडा वेळ ठेवायचं, खाली पाणी सुटतं, ते शेवटी ओंजळीने प्यावं इतकं छान. लसूण कच्ची असते, त्यामुळे नंतर महत्त्वाच्या मीटिंगा ठेवू नका.

तिथलं 'ग्रीन सीझनिंग'ही सांगते. सोफ्रितोचं शेजारी म्हणा, पण काम वेगळं. शॅडो बेनी, कांद्याची पात, थाइम, लसूण, बिनतिखट मिरची वाटून मांस-मासळीला आधी चोळून मुरवत ठेवतात. सोफ्रितो कढईत जातो, हे आधी मांसात जातं. मी पनीरला चोळून बघितलं, बरं लागलं. वांग्याला जास्त बरं लागलं.

---

पातेलंभर

पनामाचं सांकोचो कुणीच कसं सांगितलं नाही? चिकन, सुरणासारखा न्यामे नावाचा कंद, पाणी, मीठ आणि कुलांत्रो. मसाल्याची यादी एवढीच, फार तर ओरेगानो आणि लसूण. कंद विरघळून रस्सा दाटसर होतो. या झाडाची चव नक्की काय ते समजून घ्यायचं असेल तर हेच करा, कारण लपायला जागाच नाही. सोफ्रितोत सहा जणांच्या गर्दीत कुणाचा आवाज कुठला ते कळत नाही.

ब्राझीलच्या पारा भागात तुकुपी (कसाव्याचा आंबवलेला पिवळा रस) उकळताना घालतात. तिथे त्याचं नाव 'शिकोरिया', म्हणजे चिकोरी! भाषावेडांच्या यादीत आणखी एक भर.

---

भाषावेडा

मी आता यादी करणं सोडलंय.

---

तिखटमीठ

आज करून बघितलं. ताजा अहवाल:

१. राजमा, तीन पानं सुरुवातीला तेलात परतून. नेहमीसारखाच छान.

२. त्याच राजम्याची एक वाटी बाजूला काढून वरून एक पान कच्चं, बारीक चिरून, लिंबू पिळून. हिरवंगार, कबूल करते, आवडलं. खालून शिजलेला मंद आणि वरून कच्चा खणखणीत, एकाच वाटीत दोन्ही. लिंबाशिवायची वाटीही करून बघितली, ती आमच्याकडे पुन्हा रांगेत लागली.

३. रसायनींच्या सांगण्यावरून तेच दुधाळ सूप, दोन पानं लोण्यात अर्धा मिनिट परतून. घरच्यांनी आधी चमच्याने पानं शोधली. सापडली नाहीत, मग प्यायले. तेवढ्यापुरतं जिंकले म्हणायचं, पण खरं सांगायचं तर त्या सूपाला कोथिंबीरच बरी. लोणी आणि कुलांत्रो दोघांचं जमत नाही, एकमेकांकडे पाठ करून बसतात.

थोडक्यात, माझ्या पहिल्या पोस्टमधलं 'शिजल्यावरच माणसात येतो' हे मागे घेते. 'निम्म्याहून कमी' मात्र मागे घेत नाही.

---

आळशी_सुगरण

मला एक कळेना. ज्यांच्याकडे कुलांत्रो नाही त्यांनी या सगळ्या पाककृतींत कोथिंबीर घातली तर?

---

पातेलंभर

घाला की. दुप्पट-तिप्पट घ्या, देठांसकट, आणि दोन हप्त्यांत घाला: देठ वाटून सुरुवातीला, पानं शेवटी. देठं शिजून थोडं अंग देतात. तरी सांकोचो मात्र करू नका, नुसतं चिकनचं सूप होईल. तेही वाईट नसतं म्हणा.

---

नवशिकी

कुंडीतला_मी, तुमचं वाचून बी पेरलंय. आज तेविसावा दिवस. मातीशिवाय काही दिसत नाही. दाबलं जास्त का?

---

कुंडीतला_मी

काही उकरू नका. ओल ठेवा आणि कुंडीकडे पाठ करा.

---

नवशिकी

अठ्ठाविसावा दिवस. एक हिरवा ठिपका! दोन पानं, टाचणीच्या डोक्याएवढी. पण कडेला दाते नाहीत. गवत असेल तर कृपया मला सांगू नका.

---

कुंडीतला_मी

पहिल्या दोन पानांना दाते नसतातच. तिसऱ्याची वाट बघा.